पानगळ कुणाच्या अंगणातली?

माझी नात चार वर्षांची आहे, पुण्यात बालवर्गात जाते. मागच्या ऑक्टोबरात तिच्या दप्तरातून एक छापील कागद निघाला. त्यावर एक बोडकं झाड, खाली पानांचा सडा, वर इंग्रजीत लिहिलेलं 'ऑटम'. पानं लाल-केशरी रंगवायची होती. पोरीनं ती हिरवीगार रंगवली होती आणि त्यावर चुकीची खूण होती. तिनं मला खिडकीपाशी नेलं. बाहेर आमचा बदाम पावसाचं पाणी पिऊन गच्च हिरवा उभा होता. तिनं विचारलं, "नाना, आपलं झाड चुकलंय का?"

मित्रहो, मी उभा आयुष्यभर शब्दांशी खेळलेला माणूस. पण या प्रश्नानं मी ओशाळलो. कारण हीच चूक चाळीस वर्षांपूर्वी मीही केली होती. बी.ए.ला असताना कॉलेजच्या अंकात माझी पहिली कविता छापून आली. मुशायऱ्यांतून 'खिजाँ' हा शब्द कानात बसलेला. खिजाँ म्हणजे पानगळीचा मोसम. मी तो उचलला आणि ऐन कार्तिकात झाडं बोडकी करून टाकली. आमचे अब्बा पिंजारी, गाद्या-उशा भरायचे. मी कविता मोठ्या ऐटीत वाचून दाखवली. त्यांनी धनुकली बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं, "क्या रे, दिवाली में कौनसा झाड झडते देख्या तू?"

मी एकही पाहिलं नव्हतं. काटेसावर कधी बोडकी होते, कधी फुलते आणि तिची बोंडं चैत्रात कधी फुटतात, हे अब्बांना पोटापाण्यासाठी ठाऊक होतं. खिजाँ शब्द फारसीतला. इराणात, काश्मिरात त्या दिवसांत पानं खरोखर झडतात. नातीचा तो कागद श्रीनगरच्या बालवाडीत अगदी बरोबर ठरला असता, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथले चिनार पेटल्यासारखे लाल होतात. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या दारातही मेपलची लाल पानं असतात. कागद खोटा नव्हता. तो दुसऱ्याच्या अंगणातला होता.

इंग्रजी 'ऑटम'मध्ये दोन गोष्टी एकत्र येतात: सुगीचे दिवस आणि पानगळ. आपल्याकडे त्या दोन वेगवेगळ्या ऋतूंत येतात. आश्विन-कार्तिकात शरद आणि माघ-फाल्गुनात शिशिर. पानगळ शिशिरातली. याचं कारणही सोपं आहे. थंड मुलखात दिवस लहान होतात, गारठा वाढतो, म्हणून झाड पानं टाकतं. आपल्याकडे पाऊस थांबला की जमिनीतली ओल हळूहळू आटते. पानांतून तर पाणी सारखं उडून जात असतं. मग झाड खर्च कमी करतं. पानातलं हिरवं द्रव्य मोडून त्यातलं कामाचं ते परत आत ओढून घेतं, तेव्हा आधीपासून दडलेला पिवळा रंग दिसू लागतो. देठाच्या बुडाशी एक पातळ थर तयार होतो आणि तिथून पान अलगद सुटतं. लहान मुलाला सांगायचं तर इतकंच सांगावं, "उन्हाळ्यात तहान लागू नये म्हणून झाडानं पानं उतरवून ठेवली."

मग ऑक्टोबरात मुलांनी करायचं काय? भरपूर आहे. दसऱ्याला आपट्याचं पान घरात येतं. ते मधोमध दुमडलं की दोन्ही भाग एकमेकांवर बसतात. 'सारखं' म्हणजे काय, हे याहून चांगलं कोणता तक्ता शिकवेल? झेंडूचं फूल सोडवायला द्या. पाकळ्यांच्या बुडाशी बी सापडतं. ते मातीत टोचलं तर काही दिवसांत अंकुर येतो. गवताचे तुरे जमवा, लहान-मोठे लावा, ओल्या मातीत खोचून रान करा.

खरी पानगळीची शाळा भरवायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. मुलांना आधी सुक्या पानांवरून चालू द्या, आवाज ऐकू द्या. मग एकेक टोपली द्या. खरखरीत पानं इकडे, गुळगुळीत तिकडे. लांबट इकडे, गोल तिकडे. पळस मिळाला तर मोजणी आलीच, 'पळसाला पानं तीनच'! पानाची शिरांची बाजू वर ठेवून त्यावर पातळ कागद धरा आणि मेणखडू आडवा घासा. सगळ्या शिरा कागदावर उमटतात. ते पाहताना मुलांचे डोळे बघण्यासारखे होतात. पिंपळाचं पान पाण्यात झाकून ठेवा, अधूनमधून पाणी बदला. काही आठवड्यांनी गर सुटतो आणि हाती जाळी उरते. थोडं पुढं, उन्हं तापली की वावळ्याची पापडासारखी बियाणी भिरभिरत येतात आणि रुईची म्हातारी उडू लागते. तिच्यामागं धावणं हाही अभ्यासच.

थोडी काळजी मात्र हवी. या वयाची मुलं बी नाकातोंडात घालतात, म्हणून बियांचा खेळ मोठ्यांच्या डोळ्यांसमोरच व्हावा. लाल-काळी गुंज दिसायला देखणी, पण विषारी, ती नकोच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून म्हातारी झेलावी, झाडाला हात लावू नये. पान पडलेलंच घ्यावं. आणि खेळ संपल्यावर ती पानं पेटवू नयेत, कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकावीत. त्यांची माती होताना पाहणं हा पुढचा धडा.

हे काही मी नवं सांगत नाही. 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यावरच्या मुलांना कुठून मिळणार? म्हणून त्यांनी परिसरातल्याच वस्तू साधनं म्हणून वापरल्या आणि शाळा मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दातच ते सगळं आलं. आज अंगण राहिलं नसेल, पण इमारतीच्या फाटकाशी एखादं झाड असतंच. मुलाला तेवढं एक झाड द्या. महिन्यातून एकदा त्याच्यापाशी जा, ते दिसेल तसं मुलाला काढू द्या. वर्षाअखेर बारा चित्रं होतील आणि ऋतू पाठ करावे लागणार नाहीत.

शिक्षिकाबाईंना मी दोष देत नाही. कागद त्यांनी छापला नव्हता. पस्तीस मुलं सांभाळताना हाताशी असेल ते घ्यावं लागतं. पण चार वर्षांच्या मुलाला आपण पहिल्यांदा काय शिकवतो, हे महत्त्वाचं आहे. डोळ्यांना दिसतं ते चूक आणि कागदावर छापलंय ते बरोबर, हे एकदा मनात बसलं की निघता निघत नाही. माझ्यासारख्याला तर ते काढायला वडिलांचा एक प्रश्न लागला.

यंदा फेब्रुवारीत आमचा बदाम लाल झाला. नातीनं खाली पडलेलं एक पान उचललं. त्यात लाल होतं, पिवळं होतं, देठापाशी थोडं हिरवंही होतं. ते घेऊन ती बालवर्गात गेली. बाईंनी ते भिंतीवर लावलं आणि खाली महिना लिहिला. दुसऱ्या दिवशी, म्हणे, वर्गात अकरा पानं आली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)