सातारा, सव्वा मिनिट आणि आजोबांचे पाढे

गेल्या वर्षी आमच्या धाकट्याला सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेला बसवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आजोबांना झाला. इंदूरला येऊन चार पिढ्या झाल्या, तरी "आपल्याकडे" म्हटलं की त्यांना साताराच अभिप्रेत असतो. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले.

फॉर्म भरताना पहिली ठेच लागली. सैनिक शाळांत ६७ टक्के जागा त्या राज्यातल्या मुलांना, ३३ टक्के बाहेरच्यांना. आमचं डोमिसाइल मध्य प्रदेशचं. म्हणजे रीव्याच्या शाळेत आम्ही घरचे आणि साताऱ्यात पाहुणे! आजोबा दिवसभर गप्प होते. बडोदा, हैदराबादच्या घरांनीही हे आधीच बघून ठेवावं. आडनावावरून कोटा ठरत नाही.

मग भाषेचा प्रश्न. सहावीचा पेपर मराठीतूनही देता येतो. थोडी हळहळ झाली, पण आम्ही इंग्रजीच घेतलं. घरी तो चुरुचुरु मराठी बोलतो, पण लसावि-मसावि हे शब्द त्याने कधी ऐकलेले नव्हते. शाळेत तो एल.सी.एम. शिकला. आपल्या अभिमानापायी पोराला अनोळखी शब्दांच्या पेपराला कशाला बसवायचं?

पेपर असा: १२५ प्रश्न, १५० मिनिटं, ३०० गुण. त्यातले निम्मे, म्हणजे १५० गुण एकट्या गणिताचे. ५० प्रश्न, प्रत्येकी ३ गुण. बाकी भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्यज्ञान. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडायचा नाही.

क्लास लावला होता. तिथे दर रविवारी सराव परीक्षा. एकदा त्याने एकविसावा प्रश्न सोडला, पण उत्तरपत्रिकेवर त्याची ओळ सोडायला विसरला. पुढची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली. गुण सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवले. घरी येऊन जेवला नाही. रात्री दिवा मालवल्यावर हळूच म्हणाला, "आई, मी पास झालो तर मला घरातून जावंच लागेल का?"

नापास झाला तर काय, याचा विचार आम्ही तीन महिने करत होतो. पास झाला तर काय, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. खाजगी निवासी शाळांत लेखीनंतर बहुतेक वेळा मुलाशी आणि पालकांशी बोलणं होतं. तिथे निदान कुणीतरी विचारतं. सैनिक शाळेच्या सहावीला मुलाखत नाही, लेखीनंतर थेट वैद्यकीय तपासणी. म्हणजे विचारायचं ते आम्हीच. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाबांनी त्याला स्पष्ट सांगितलं, परीक्षा दे, जायचं की नाही ते निकालानंतर तू सांग.

क्लास बंद केला. (भरलेली फी गेली, ती गेलीच.) गोलांसाठी एक सवय लावली: दर पाच प्रश्नांनंतर पेपरचा आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांक जुळवून बघायचा. गणित आजोबांनी हातात घेतलं. त्यांनी पावकी, निमकी, सवायकी काढली. मला वाटलं, आता कुठे हे जुनं! पण ४८ रुपयांच्या वस्तूवर २५ टक्के नफा आला, की पोरगा कागद न घेता "अठ्ठेचाळीस सव्वा साठ" म्हणून मोकळा. शेकडेवारीचं त्याचं भय तिथेच गेलं. संध्याकाळी दोघं गच्चीवर फेऱ्या मारत पाढे म्हणायचे, तेव्हा खालून शेजारच्या काकूही सूर धरायच्या.

निकालात तो पात्र ठरला, पण प्रवेशाच्या यादीत नाव आलं नाही. दोन दिवस आजोबाच जास्त उदास होते. हा मात्र तिसऱ्या दिवशी सायकल घेऊन बाहेर. आता पुढची संधी नववीला. तो पेपर फक्त इंग्रजीत, ४०० गुणांचा, तीन तासांचा. परवा जेवताना त्याने स्वतःच विषय काढला, "तेव्हा बघू, कदाचित मला जावंसं वाटेल."

आजोबांनी औटकी सुरू केली आहे.