लिपिसुधारणेतील अपयशाचा उपयोग

तंत्ररचनेच्या इतिहासात यशस्वी साधनांची नोंद होते. फसलेले प्रयोग बहुधा विस्मृतीत जातात. परंतु एखादी रचना कोणत्या गृहीतावर उभी होती, हे पुष्कळदा ती फसल्यावरच उघड होते. देवनागरी यंत्रावर आणण्याच्या प्रयत्नांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

प्रथम अडचणीचे स्वरूप पाहू. ‘मुळशीच्या शेतकऱ्यांचा विनंतिअर्ज’ एवढेच शब्द टंकयंत्रावर उमटवावयाचे आहेत असे समजा. हिंदीच्या नित्य व्यवहारात न लागणारा ‘ळ’ येथे हवा. ‘ऱ्य’ मधील अर्धा र हवा. आणि ‘वि’ मधील पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असूनही लेखनात त्याच्या आधी हवी. टंकयंत्राच्या कळफलकावर नव्वदच्या आसपास चिन्हे मावतात, तर छापखान्यातील जुळाऱ्यास जोडाक्षरांसह शेकडो खिळे हाताळावे लागत.

यावर सुचलेला स्वाभाविक उपाय म्हणजे लिपीच बदलणे. सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला, ‘इ’, ‘उ’, ‘ए’ ही स्वतंत्र अक्षरे जाऊन ‘अि’, ‘अु’, ‘अे’ आली. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीनेही ही पद्धती वापरली. पुढे १९५३ च्या नोव्हेंबरात लखनौ येथे डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. पहिली वेलांटी उजवीकडे न्यावी आणि दुसरीहून ती वेगळी दिसावी म्हणून तिचा काना आखूड ठेवावा, असे तेथे ठरले. १९५७ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला.

या प्रयोगातील दोष भाषाशास्त्राच्या दृष्टीने स्पष्ट आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील अर्थभेद आता केवळ रेघेच्या लांबीवर टांगला गेला. जुन्या लेखनात हा भेद चिन्हाच्या स्थानावरून, म्हणजे दृष्टिक्षेपातच कळत होता. याहून महत्त्वाचे म्हणजे प्रयोगामागचे गृहीत: यंत्र स्थिर आहे आणि लिपी बदलता येते. वस्तुस्थिती उलट निघाली. लाखो वाचकांची सवय हीच अधिक स्थिर होती. यंत्रे मात्र पुढे बदलली.

संगणकाच्या काळात प्रश्नाची मांडणीच निराळी झाली. १९८६ चा इन्स्क्रिप्ट कळफलक आणि १९९१ चे इस्की हे भारतीय मानक यांत ‘वि’ची नोंद उच्चारक्रमाने, आधी ‘व’ मग वेलांटी, अशी होते. वेलांटी डावीकडे दाखविण्याचे काम यंत्र करते. उच्चारक्रम आणि दृश्यक्रम एकच असले पाहिजेत हा आग्रह सुटला. हे १९५७ च्या माघारीचे थेट फळ आहे असे म्हणता येणार नाही. पण त्या वेळी न सुटलेले कोडे नेमके याच विभाजनाने सुटले.

तथापि प्रत्येक अपयश मागे घेता येत नाही. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन भिन्न शब्द आहेत. एक गुरूस, दुसरा स्वयंपाक्यास. यांतील दुसऱ्या शब्दातील अर्धा र युनिकोडच्या १९९६ च्या आवृत्तीत ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा नोंदविण्याची रीत होती. पुढे इस्कीप्रमाणे ‘ऱ’ आणि हलन्त ही रीत स्वीकारली गेली. जुने लेखन निरर्थक ठरू नये म्हणून पहिली रीतही राखावी लागली. परिणामी ‘शेतकऱ्यांचा’ हा एकच शब्द डोळ्यांना सारखा दिसूनही यंत्राच्या लेखी दोन प्रकारचा असू शकतो. शोधप्रणालीने ही दोन रूपे एक मानली नाहीत, तर दप्तरात असलेला अर्ज ‘नाही’ ठरतो, आणि त्याची झळ अर्जदारास लागते.

यावरून अपयश स्वीकारण्याचे दोन अर्थ निघतात. निर्णय फिरविता येण्याजोगा असेल तर तो वेळीच मागे घेणे, हा पहिला. लखनौच्या निर्णयाच्या बाबतीत तो चार वर्षांत घेतला गेला. निर्णय फिरविता येत नसेल तर चूक लपवून न ठेवता तिची नोंद करणे आणि पुढील रचनेत तिच्यासाठी जागा राखणे, हा दुसरा. भाषिक साधनांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधात फसलेल्या रचनांचीही नोंद ठेवावी. कोणते गृहीत कोठे तुटले, हे त्या नोंदीवाचून पुढच्या अभ्यासकास कळणार नाही.