तारापूरच्या भट्ट्यांचे उतारवय

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची व्यावसायिक वीज 28 ऑक्टोबर 1969 रोजी सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत न्यू जर्सीची ऑयस्टर क्रीक आणि न्यूयॉर्क राज्यातली नाइन माइल पॉइंट-1 या भट्ट्या चालू झाल्या. चारही जनरल इलेक्ट्रिकने दिलेल्या, चारही उकळत्या पाण्याच्या. ऑयस्टर क्रीक सप्टेंबर 2018 मध्ये कायमची बंद झाली आणि तिचे सुटे भाग करण्याचे काम सुरू झाले. नाइन माइल पॉइंटला मात्र अमेरिकी नियामकाने मुदत वाढवून दिली. तारापूरच्या दोन्ही भट्ट्या 2020 मध्ये बंद करून मोठी दुरुस्ती हाती घेण्यात आली, ती त्यांनी आणखी काही वर्षे चालावे म्हणून. एकाच वयाच्या यंत्रांचे असे वेगवेगळे भवितव्य का ठरते, हे समजून घ्यायला पोलादापासून सुरुवात करावी लागते.

त्या काळच्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांत पाणी फिरवणाऱ्या पाइपांना साधारणपणे 304 जातीचे स्टेनलेस स्टील वापरत. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारच्या धातूतले कार्बन क्रोमियमला बांधून घेते आणि धातूच्या कणांच्या सीमांवर क्रोमियम कमी पडते. गंज थोपवणारे तेच असते. त्यात गरम, ऑक्सिजनयुक्त पाणी आणि वेल्डिंगमुळे आत राहिलेला ताण यांची भर पडली की त्या सीमांवरून बारीक भेग पुढे सरकू लागते. बाहेरून काही दिसत नाही. अल्ट्रासॉनिक तपासणीत सापडते. जगभरच्या या जातीच्या भट्ट्यांना हा आजार सत्तरच्या दशकात जडला. त्यावर उपाय म्हणजे कमी कार्बनचे, नायट्रोजन मिसळलेले 316 एलएन स्टील. तारापूरच्या 2020 नंतरच्या दुरुस्तीत पाइप त्याच स्टीलचे घालण्याचे ठरले.

पाइप बदलता येतो. भट्टीचे मुख्य दाबपात्र बदलण्याचा मात्र विचारही कोणी करत नाही. न्यूट्रॉनच्या सततच्या माऱ्याने त्याचे पोलाद हळूहळू ठिसूळ होते. म्हणून त्याच पोलादाचे नमुने पात्राच्या आत टांगून ठेवतात आणि ठरावीक वर्षांनी एकेक काढून तोडून पाहतात. भट्टीचे खरे वय या नमुन्यांतून कळते. जन्मतारखेवरून फारसे काही कळत नाही.

तारापूरला म्हातारपणाची पहिली चाहूल फार लवकर लागली होती. दुय्यम स्टीम जनरेटरच्या नळ्या गळू लागल्या, ते जनरेटर बाजूला काढावे लागले आणि ऐंशीच्या दशकात प्रत्येक भट्टीची क्षमता 210 वरून 160 मेगावॅटवर आणावी लागली. म्हणजे जेमतेम पंधरा वर्षांत. त्यात 1974 च्या पोखरणच्या अणुचाचणीनंतर अमेरिकेचे सहकार्य आटले. इंधन पुढे फ्रान्स, चीन आणि रशिया यांच्याकडून आले, सुट्या भागांसाठी मात्र इथल्याच अभियंत्यांना डोके लढवावे लागले. माझ्या मते त्या नाकेबंदीचा एक अनपेक्षित फायदा झाला: यंत्राच्या आतल्या खाणाखुणा जाणणारी माणसे इथेच तयार झाली.

2000 नंतर अणुऊर्जा नियामक मंडळाने या भट्ट्यांचा सर्वांगीण सुरक्षा आढावा घेतला. जुन्या आराखड्यात काही सुरक्षा व्यवस्था दोन्ही भट्ट्यांत सामाईक होत्या. 2005-06 मध्ये त्या वेगळ्या केल्या, आणीबाणीचे डिझेल जनरेटर नवे आणि मोठे बसवले, पर्यायी नियंत्रण कक्ष उभारला. हे 2011 च्या फुकुशिमा अपघाताच्या आधीचे काम आहे, याचे श्रेय द्यायलाच हवे. फुकुशिमाची पहिली भट्टीही याच घराण्यातली, तारापूरनंतर दीड वर्षाने सुरू झालेली.

मग बंद कधी करायचे? आपल्याकडे याचे उत्तर नेहमी अभियंत्यांनीच दिलेले नाही. ट्रॉम्बेची सायरस ही संशोधन भट्टी 1960 ची. 1997 मध्ये बंद करून काही वर्षे तिची डागडुजी केली, ती पुन्हा धडधाकट चालू लागली आणि 31 डिसेंबर 2010 रोजी भारत-अमेरिका अणुकराराच्या वचनापोटी कायमची थांबवली गेली. उलट राजस्थानची पहिली भट्टी अशा कोणत्याही कराराविना 2004 पासून वीज देत नाही.

बंद केल्यानंतर दोन वाटा असतात. लगेच मोडायला घ्यायची, किंवा इंधन काढून, कुलूपबंद करून काही दशके थांबायचे. थांबण्यात शहाणपण आहे: पोलादातल्या कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य 5.27 वर्षांचे, म्हणजे 50 वर्षांत त्याचा किरणोत्सार सुमारे सातशेव्या हिश्शावर येतो आणि कामगारांना मिळणारा डोस त्या मानाने घटतो. ब्रिटनने जुन्या मॅग्नॉक्स केंद्रांसाठी हाच मार्ग धरला. अमेरिकेतल्या मेन यँकी केंद्राने लगेच मोडण्याचा धरला. 1997 मध्ये बंदचा निर्णय आणि 2005 पर्यंत जागा मोकळी. वापरलेले इंधन तेवढे पोलाद-काँक्रीटच्या पिंपांत तिथेच उभे राहिले, कारण ते न्यायला जागाच नव्हती.

मला लगेच मोडण्याची वाट बरी वाटते, निदान तारापूरसाठी. 50 वर्षांनी किरणोत्सार कमी होईल, पण कुठला पाइप कधी बदलला, कुठे गळती झाली होती, हे सांगणारे कोणी उरणार नाही. नोंदी हरवल्या की काय होते, ते 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत दिसले. विद्यापीठात वर्षानुवर्षे पडून राहिलेले कोबाल्ट-60 चे उपकरण लिलावात भंगारवाल्याकडे गेले आणि एका कामगाराचा जीव गेला. भट्टी आणि ते उपकरण यांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण विस्मरण एकाच जातीचे.

आता पैशाचे. भारतात डीकमिशनिंगसाठी, म्हणजे भट्टी मोडून जागा मोकळी करण्यासाठी, अणुविजेच्या दर युनिटमागे 2 पैसे बाजूला ठेवतात. तारापूरच्या दोन भट्ट्या मिळून 320 मेगावॅट. ऐंशी टक्के वेळ चालल्या तर वर्षाला सुमारे 224 कोटी युनिट. म्हणजे साडेचार कोटी रुपये. एकट्या मेन यँकीला पन्नास कोटी डॉलरच्या आसपास खर्च आला. इथली मजुरी स्वस्त आणि निधी सर्व केंद्रांचा एकत्र, हे धरूनही हिशोब जुळत नाही. वर्षानुवर्षे रुपयाच्या आत युनिट मिळणारी तारापूरची वीज स्वस्त वाटली, त्यात हे न मांडलेले बिलही आहे.

नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी 2012 मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवले होते. नियामक मंडळाची डीकमिशनिंगची पुस्तिका निघून 13 वर्षे झाली तरी देशातल्या एकाही अणुवीज केंद्राकडे तसा आराखडा नव्हता, आणि 1962 च्या अणुऊर्जा कायद्यात अशा राखीव निधीची तरतूद नव्हती.

आक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांनी तारापूरच्याच आवारातल्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी घरे सोडली. 2018 पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्केही बसत आले आहेत. म्हणून दाबपात्राचे नमुने काय सांगतात, पहिल्या दोन भट्ट्या कोणत्या वर्षी थांबणार, वापरलेले इंधन कुठे ठेवणार आणि निधीत नेमके किती रुपये आहेत, हे न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनने मराठीत छापून पालघर जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवावे. भट्ट्या कायमच्या थांबण्याआधीच.