पार्ल्याची शाळा आणि आमच्या घरचा एक प्रश्न

वऱ्हाडच्या दक्षिण टोंकास, पैनगंगेच्या अलीकडे, ढाणकी नांवाच्या गांवीं आम्ही राहतों. उमरखेड तालुक्यांतील हें गांव मुंबईकर वाचकांस ठाऊक असण्याचें कारण नाहीं. आणि आमच्या गांवच्या पुष्कळ मंडळींस पार्लें म्हणजे बिस्किटांचें नांव, एवढीच ओळख आहे. तथापि आमच्या दोन्ही चिरंजीवांनीं नोकरीच्या निमित्तानें विलेपार्ल्यास एकत्र बिऱ्हाड केल्यापासून वर्षांतून एकदां तरी आमचें तिकडे जाणें होतें. नंदिग्राम गाडीनें हिमायतनगरास बसावें, रात्र गाडींत काढावी व दुसरे दिवशीं मुंबईच्या गर्दींत उतरावें, हा आतां परिपाठच झाला आहे.

गेल्या खेपेस गेलों तेव्हां घरांत एक प्रश्न धुमसत होता. धाकट्या चिरंजीवांचा मुलगा शाळेच्या वयाचा झाला होता व त्यास कोठें घालावें यावर चार मोठ्या माणसांत पांच मतें होतीं. थोरल्यांचें म्हणणें असें कीं, घरापासून चालत जातां येईल अशी पार्ले टिळक विद्यालयाची मराठी शाळा असतां दूरचा विचारच कां करावा? धाकट्या सूनबाईंचें म्हणणें असें कीं, त्याच संस्थेची इंग्रजी माध्यमाची शाळाही आहे. नांव तेंच, संस्कार तेच, मग पुढील अडचण आजच कां टाळूं नये? दोन्ही पक्षांनीं तोंडें वळविलीं तीं आमच्याकडे. “बाबा, आपण जन्मभर शाळेंत शिकविलें, आपणच सांगा,” असें सूनबाई म्हणाल्या. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. मुलीचें स्थळ पाहतांना घराण्याची चौकशी करितात, मग मुलाची शाळा पाहतांना शाळेचें कुलगोत्र कां पाहूं नये, असा आमचा विचार.

हें कुलगोत्र कळण्यास उपनगर म्हणजे काय हें आधीं पाहिलें पाहिजे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि दाटीच्या वस्तींत माणसें पटापट मरूं लागलीं. त्यानंतर १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली व दादर-माटुंग्याकडे मोकळ्या, आंखीव वस्त्यांच्या योजना निघाल्या. त्याच्याही पलीकडे, माहीमची खाडी ओलांडल्यावर साष्टीचा प्रदेश. तेथें कोळी, आगरी, ईस्ट इंडियन अशा मूळच्या लोकांचीं गांवठाणें, भाताचीं शेतें, नारळीच्या वाड्या. कचेरींत नोकरी करणारा पांढरपेशा वर्ग आगगाडीच्या आधारानें हळूहळू याही बाजूस सरकला. १९२० च्या ऑक्टोबरांत सरकारनें ठाणें जिल्ह्याचा कांहीं भाग तोडून ‘मुंबई उपनगर जिल्हा’ असा निराळाच जिल्हा केला, त्यावरून ही वस्ती किती वाढली होती याची कल्पना येईल.

अशा वस्तींत हवा मोकळी मिळे, विहिरीचें पाणी मिळे, अंगणांत तुळस लावितां येई. अडचण येई ती मुलांच्या इंग्रजी शाळेची. त्या काळीं मराठी चार इयत्ता झाल्या कीं मुलगा इंग्रजी पहिलींत जाई आणि सात इयत्ता चढून मॅट्रिकला बसे. मराठी इयत्ता जवळपास उरकतां येत. पुढील सात वर्षांसाठीं हायस्कूल पाहिजे. तें जवळ नसेल तर दहा-अकरा वर्षांच्या मुलानें वडिलांच्या बरोबरीनें कोळशाच्या इंजिनाची गाडी धरून शहरांत जावें हाच मार्ग. विजेच्या गाड्या बोरिवलीपर्यंत धांवूं लागल्या त्या १९२८ च्या जानेवारींत. तोंवर सारा धुराचाच कारभार. मुलगे निदान जाऊं तरी शकत. मुलींस रोज आगगाडीनें कोण पाठविणार? म्हणून हायस्कूल नसलेल्या वस्तींत मुलींचें शिक्षण मराठी चौथीपाशीं थांबणें ठरलेलेंच. जेथें पुरुषांनीं रात्री निजावयास यावें आणि मुलांनीं शिकावयास बाहेर जावें त्यास गांव कसें म्हणावें? तो नुसता मुक्काम झाला.

१ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईस सरदारगृहांत लोकमान्य टिळकांचें देहावसान झालें. पुढील वर्षभर देशांत त्यांच्या स्मरणार्थ काय काय व्हावें याचीच चर्चा होती. टिळक स्वराज्य फंडासाठीं ३० जून १९२१ पर्यंत एक कोट रुपये जमविण्याचा संकल्प काँग्रेसनें सोडला होता. नेमक्या त्याच जून महिन्यांत पार्लेकरांनीं आपल्या वस्तींत लोकमान्यांच्या नांवानें शाळा काढली. नांवांतील शब्दांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. नुसतें ‘टिळक विद्यालय’ नव्हे, तर ‘पार्ले टिळक विद्यालय’. आधीं गांव आणि मग लोकमान्य! आम्हांस तर या तीन शब्दांत त्या मंडळींचा सारा स्वभाव दिसतो.

टिळकांचें स्मारक शाळेच्या रूपानें होणें यांत एक विशेष औचित्य होतें, तें आज पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. लोकमान्य म्हटलें कीं केसरी, मंडाले आणि गीतारहस्य आठवतें. परंतु त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा आरंभ मास्तरकीनें झाला. १ जानेवारी १८८० रोजीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें तेव्हां टिळक त्यांच्यासोबत होते. पुढें आगरकर येऊन मिळाले. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज झालें, आणि १८९० सालीं टिळकांनीं सोसायटीचा राजीनामा दिला. या भांडणाचें मूळ पुष्कळ लोक सुधारक-सनातनी वादांत शोधितात. तें कांहीं अंशीं खरेंही आहे. पण मोठा भाग पैशाचा होता. संस्थेचे आजीव सभासद म्हणविणाऱ्यांनीं ठराविक अल्प वेतनावर राहून सारा वेळ संस्थेस द्यावा, बाहेरची मिळकत करूं नये, असा टिळकांचा आग्रह. इतरांस तो जाचक वाटला. शाळा चालावी ती कोणाच्या त्यागावर, हा तो प्रश्न. आणि तो १८९० सालीं सुटला असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं.

येथें थोडें आमचें स्वतःचें सांगावेंसें वाटतें. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. घरीं वडिलांपाशीं रूपावली, समासचक्र व थोडें काव्य झालेलें, त्या बळावर एका खासगी संस्थेंत मास्तर झालों. पहिलीं कित्येक वर्षें पूर्ण पगाराच्या आंकड्यापुढें सही करावयाची आणि हातीं अर्धा घ्यावयाचा. उरलेला ‘इमारत फंडास’ आम्हीं स्वखुषीनें दिला असें लिहिलेलें असे. घरीं ही गोष्ट आम्हीं पांच वर्षें सांगितली नव्हती. खासगी शाळांतील नोकरांच्या सेवाशर्तींचा कायदा महाराष्ट्रांत १९७७ सालीं झाला. तो कागदावर होता, आम्ही वर्गांत होतों. तात्पर्य एवढेंच कीं, ‘लोकांनीं काढलेली शाळा’ हे शब्द ऐकले कीं आम्हांस प्रथम आठवण होते ती तेथील मास्तरांची. वर्गणी देणाऱ्यांचीं नांवें संगमरवरावर कोरलेलीं असतात. ज्यांनीं न मिळालेल्या पगाराच्या रूपानें वर्गणी दिली त्यांची पाटी कोणी लावीत नाहीं.

असो. १९२१ सालीं शाळा काढणाऱ्यांपुढें दुसराही पेंच होता. १९२० च्या डिसेंबरांत आमच्या नागपुरास भरलेल्या काँग्रेसनें असहकाराचा ठराव पक्का केला होता. सरकारी व सरकारमान्य शाळा सोडाव्या, राष्ट्रीय शाळा काढाव्या, अशी हांक होती. राष्ट्रीय शाळेचा अनुभव आमच्या जिल्ह्यास त्याआधींच आलेला होता. स्वदेशीच्या लाटेंत यवतमाळास ‘विद्यागृह’ नांवाची शाळा निघाली. नागपूरची शाळा सुटल्यावर केशवराव हेडगेवार १९०९ च्या सुमारास शिकावयास आले ते तेथेंच. ती शाळा तेजस्वी होती, पण सरकारच्या रोषापुढें टिकली नाहीं. पार्लेकरांच्या शाळेनें नांव टिळकांचें घेतलें, पण मुलांस युनिव्हर्सिटीच्या मॅट्रिकचा रस्ता मोकळा ठेविला. कोणी यास तडजोड म्हणेल. आम्हांस मात्र वाटतें कीं, ज्या कारकुनानें पोटास चिमटा घेऊन वर्गणी दिली त्याच्या मुलास पुढें नोकरीही लागली पाहिजे, हें ओळखणें शहाणपणाचें होतें. विद्यागृहाची आज आठवण राहिली, विद्यालय राहिलें.

आणि अशा वस्तीस राष्ट्रकार्य वर्ज्य होतें असेंही नाहीं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत विलेपार्ल्याची छावणी साऱ्या इलाख्यांत गाजली. जमनालाल बजाज हे तिचे प्रमुख होते. ज्यांच्या डोळ्यांसमोरून ही छावणी गेली त्या मुलांचे वर्ग दुसरे दिवशीं नेहमींप्रमाणें भरत असतील तेव्हां मास्तरांची काय तारांबळ उडत असेल, याची कल्पना आम्ही करूं शकतों.

या शाळेनें महाराष्ट्रास काय दिलें याची यादी आम्ही देत नाहीं. एकच नांव पुरें आहे. पु. ल. देशपांडे यांचें बालपण जोगेश्वरीस व पार्ल्यास गेलें आणि ते याच शाळेचे विद्यार्थी. पुढें ते स्वतः मुंबईच्या ओरिएंट हायस्कुलांत कांहीं काळ मास्तर होते, हें कित्येकांस ठाऊक नसतें. ज्या ‘व्यक्ति आणि वल्ली’ या पुस्तकास १९६५ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें त्यांतील चितळे मास्तर कोण नाहीं ओळखत? ते मास्तर पार्ल्याचेच होते असा शोध कोणी लावूं नये. असे मास्तर त्या पिढींत गांवोगांवीं होते. परंतु मास्तराकडे थट्टेनें पाहतांना डोळे पाणावतील अशी नजर ज्या मुलास लाभली, तो कोणत्या तरी वर्गांत चांगल्या बांकावर बसला असला पाहिजे.

१९५० सालीं पार्लें मुंबईच्या महानगरपालिकेंत सामील झालें आणि उपनगर हें नांवापुरतेंच उपनगर उरलें. १९५९ सालीं याच संस्थेनें कॉलेज काढलें. आधीं त्यास पार्ले कॉलेज म्हणत, आतां साठ्ये महाविद्यालय म्हणतात. म्हणजे मॅट्रिकनंतर गाडी धरण्याची गरजही संपली. पुढें वाड्या पाडून माड्या झाल्या, माड्या पाडून मनोरे होत आहेत, आणि कालांतरानें संस्थेनें इंग्रजी माध्यमाचीही शाळा उघडली. यावर कित्येक जुनी मंडळी नाक मुरडतात. आम्ही मुरडीत नाहीं. पार्लेकरांचे नातू बाहेरच्या इंग्रजी शाळांत जाऊं लागले तेव्हां संस्थेनें काय, दारास कडी लावून बसावें? १९२१ सालींही लोकांनीं मागितलें तेंच दिलें होतें. तेव्हां मागणें हायस्कुलाचें होतें.

तरीही एक गोष्ट मनास टोंचते. २०२१ च्या जूनमध्यें या शाळेस शंभर वर्षें पूर्ण झालीं. त्या वेळीं महामारीमुळें मुंबईंतील साऱ्याच शाळांचे वर्ग ओस होते, मुलें घरीं भ्रमणध्वनीच्या पडद्यापुढें बसलेलीं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या ढाणकींतही पेढे वांटले गेले. परंतु मुंबईंतील मराठी शाळांचे वर्ग एकामागून एक रिकामे होत आहेत, हें कोणत्याही पालकास विचारावें. शंभर वर्षांपूर्वीं शाळा नव्हती म्हणून मुलें बाहेर जात. आतां शाळा दाराशीं आहे आणि मुलें नाहींत.

आठवे दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर हें सारें आम्हीं घरच्यांस सांगितलें. आम्हांस वाटलें, आतां निकाल लागला. सूनबाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “बाबा, आपण यांना मराठी शाळेंत घातलें तें ठरवून, कीं तालुक्यांत दुसरी शाळाच नव्हती म्हणून?” चाळीस वर्षें मुलांस प्रश्न विचारलेल्या मास्तरास उत्तर सुचेना. खरें तेंच सांगितलें, कीं दुसरी नव्हती. असती तर काय केलें असतें? ठाऊक नाहीं. शेजारच्या सावकाराचा मुलगा नांदेडास इंग्रजी शाळेंत गेला तेव्हां आम्हांस त्याचा हेवा वाटला होता, हेंही आम्हीं सांगून टाकलें. चिरंजीव आमच्याकडे पाहतच राहिले.

त्यानंतर बराच वेळ बोलणें चाललें; तें भांडण नव्हतें. मराठी माध्यमांतही गणित व शास्त्र इंग्रजींतून शिकविण्याची ‘सेमी इंग्रजी’ची सोय असते, त्याचा विचार झाला. मुलगा कोणत्या भाषेंत रडतो, कोणत्या भाषेंत गोष्ट सांगतो, याचाही झाला. शेवटीं सूनबाईच म्हणाल्या, “मराठी शाळेचा अर्ज मी भरतें. इंग्रजी संध्याकाळीं मी घेईन. पण आम्ही दोघेंही कचेरीहून येतों तों सात वाजतात. शाळा सुटल्यापासून तोंवर त्याच्याशीं मराठी बोलणार कोण? जूनपासून दिवाळीपर्यंत आपण येथें राहणार असाल तरच.”

अर्ज भरला गेला आहे. आम्ही ढाणकीस परत आलों आहों. परसांतील आंबा यंदा बरा मोहरला आहे, आणि विहिरीवरच्या मोटारीची दुरुस्ती निघाली आहे. पार्ल्यास काय कळवावें तें सौभाग्यवतींशीं रोज बोलणें होतें.