कर्ज ॲपची धमकी आली, तर लपू नका!

‘पाच मिनिटांत कर्ज, कागदपत्रे नकोत’ हा मेसेज गरजू तरुणाला भुलवतो. ॲप घेताना तो संपर्क यादी आणि फोटो पाहण्याची परवानगी देऊन बसतो. फास पडतो तो इथेच. हाती रक्कम कमी येते, आठवड्यात वसुलीचे फोन सुरू होतात. आईला, मित्रांना बदनामीचे मेसेज, बनावट अश्लील फोटो जातात. लाजेपोटी तो पुन्हा पुन्हा पैसे भरत राहतो.

नियम काय सांगतो? रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कर्ज ॲपला संपर्क यादी व फोटो पाहता येत नाहीत. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. कर्ज खरोखर घेतले असेल, तर परतफेड कर्ज देणाऱ्या बँकेच्या वा वित्त कंपनीच्या खात्यातच करा, एजंटच्या नव्हे.

धमकीचे स्क्रीनशॉट, फोन नंबर, व्यवहाराचा तपशील जपून ठेवा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा, पोलीस ठाण्यात जा. त्याआधी घरी आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांना सांगा. या टोळ्यांचे शस्त्र म्हणजे आपली लाज. चार जणांत बोललात, की ते बोथट होते.