मेंदू साक्ष देतो, पण कशाची?

लेक्चर रटाळ चाललंय. तुम्ही पेंगताय. हजेरीतली नावं कानावरून नुसती जातायत आणि एकदम तुमचं नाव येतं! 'प्रेझेंट सर' म्हणायच्या आधीच मेंदूने ते पकडलेलं असतं.

हे 'पकडणं' मोजता येतं बरं का. डोक्याला इलेक्ट्रोड लावून ईईजी काढला, तर दहा बिनमहत्त्वाच्या गोष्टींत एक ओळखीची आली की साधारण ३०० मिलिसेकंदांनंतर आलेखावर उंचवटा उमटतो. त्याचं नाव पी-३००. सॅम्युअल सटन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये तो नोंदवला.

आता पोलिसांच्या बाजूने विचार करा. समजा, चोरीला गेली अंगठी, आणि हे फक्त चोराला आणि पोलिसांना ठाऊक आहे. संशयिताला स्क्रीनवर घड्याळ, बांगडी, पेन, अंगठी असं आलटूनपालटून दाखवायचं. ज्याला काहीच माहीत नाही, त्याला सगळं सारखंच. ज्याला माहीत आहे, त्याचा आलेख अंगठीला उसळतो. लाय डिटेक्टर घाम, श्वास, रक्तदाब, म्हणजे ताण मोजतो; इथे ओळख मोजली जाते. अमेरिकेत लॉरेन्स फारवेल यांनी याला 'ब्रेन फिंगरप्रिंटिंग' असं नाव दिलं.

भारी वाटतंय ना? पण थांबा. अंगठीची गोष्ट तुम्ही पेपरात वाचली असेल तर? किंवा चौकशीत पोलिसांच्याच तोंडून ऐकली असेल तर? उंचवटा तरीही येईल. उलट, चोराने अंधारात हाताला लागेल ते उचललं असेल, तर त्याचा आलेख सपाटही राहू शकतो. माहीत असणं आणि केलेलं असणं यातला फरक पी-३०० सांगत नाही.

तो फरक सांगण्याचा दावा भारतात झाला. बंगळुरूचे सी. आर. मुकुंदन यांनी 'बीईओएस' ही चाचणी विकसित केली. यात तुम्ही गप्प बसायचं, समोरून 'मी विष विकत घेतलं' अशी वाक्यं ऐकवली जातात आणि यंत्र म्हणे 'अनुभवाची' आठवण शोधतं. पुण्यात २००८ मध्ये एका खून खटल्यात एमबीएच्या विद्यार्थिनीला जन्मठेप झाली, तेव्हा इतर पुराव्यांबरोबर याही चाचणीचा आधार घेतला गेला. जगभर चर्चा झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. त्याच वर्षी 'निम्हान्स'च्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने अशा चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं.

मग ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक' हा निकाल आला. नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग कुणावरही जबरदस्तीने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणालाही भाग पाडता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २०(३) सांगतं. तोंड बंद ठेवायचा हक्क असेल, तर तोंडाला वळसा घालून थेट मेंदूतून उत्तर काढणं हीसुद्धा सक्तीच. संमतीने चाचणी झाली, तरी नुसता तिचा निष्कर्ष पुरावा ठरत नाही. त्यातून पुढे काही सापडलं, तर ते कायद्यानुसार ग्राह्य धरता येतं.

म्हणून पुढच्या वेळी टीव्हीवर 'आरोपीची ब्रेन मॅपिंग होणार' अशी ब्रेकिंग न्यूज झळकली, की दोन प्रश्न विचारा. त्याने होकार दिलाय का? आणि त्या आलेखाखेरीज हातात काय आहे?