हवा मिळाली तरी यीस्ट मद्यार्कच का बनवतं?

प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटला आणि पुढे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात कारखान्यांना जोडून आसवन्या उभ्या राहिल्या. कोपरगाव-संगमनेरकडे आता उसाच्या भावाबरोबर इथेनॉलचा विषय हटकून निघतो. ते इथेनॉल घडवणाऱ्या यीस्टबद्दल मात्र शिकलेली माणसंही भलतंच धरून बसलेली असतात.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज हवेचा. टाकीत हवा शिरली की यीस्ट श्वसन करतं आणि मद्यार्क थांबतो, असं आपण शाळेपासून मानतो. मळीच्या, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या गोड पाकाच्या, टाकीत तसं घडत नाही. साखर मुबलक असली की यीस्ट स्वतःची श्वसनयंत्रणा दाबून ठेवतं आणि प्राणवायू असतानाही साखरेचा मद्यार्क करतं. हा क्रॅबट्री परिणाम. यात एका ग्लुकोजमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, दोनच रेणू पदरात पडतात, श्वसनात त्याच्या कितीतरी पट. पण साखरेचा फडशा झपाट्याने पडतो आणि मद्यार्कात इतर जंतूंचा निभाव लागत नाही. साखर संपली आणि हवा असली, की हेच यीस्ट तो मद्यार्क खाऊ लागतं.

हवा अजिबातच नको, हेही खरं नाही. पेशीच्या आवरणाला लागणारं एर्गोस्टेरॉल प्राणवायूशिवाय बनत नाही. म्हणून यीस्ट वाढवायच्या टाकीत हवा मुद्दाम सोडतात.

साखरेचा सगळा मद्यार्क होतो, हाही चुकीचा हिशेब. १०० किलो ग्लुकोजमधून फार तर ५१ किलो मद्यार्क निघतो. ४९ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. टाकी रिकामी दिसली तरी वायू तपासल्याशिवाय आत कुणालाही उतरवू नये, माणूस जातो.

उत्परिवर्ती यीस्ट म्हणजे प्रयोगशाळेतलं जादा ताकदीचं वाण, असंही अनेकांना वाटतं. १९४९ मध्ये बोरिस एफ्रुसी यांनी पॅरिसला पावाच्या यीस्टमधले श्वसन न करू शकणारे ‘पेटिट’ उत्परिवर्ती अभ्यासले. त्यांच्या तंतुकणिकांमधला, म्हणजे पेशीत श्वसन करणाऱ्या भागांमधला, डीएनए बिघडलेला किंवा नाहीसा झालेला असतो. अशा पेशी आपोआपही निपजतात. उष्णता आणि मद्यार्क वाढला की जास्तच. श्वसन नाही म्हणजे सगळी साखर मद्यार्काला, हा तर्क मोहात पाडतो. पण या पेशी सावकाश वाढतात, मद्यार्कही कमी सोसतात. त्या ओळखायला बशीतल्या वसाहतींवर टेट्राझोलियम मिसळलेलं आगर ओततात. श्वसन करणाऱ्या वसाहती काही तासांत लाल होतात, पेटिट पांढऱ्याच राहतात. पांढरे ठिपके वाढू लागले, की केमिस्टने तेच यीस्ट पुन्हा पुन्हा न फिरवता ताजं घ्यावं.